जुनी वेगवान गाडी: पेट्रोल की डिझेल?

चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्यातून 2013 साली पोलोच्या दोन ‘जीटी’ बाजारात आल्या. आधी पेट्रोलवरची टीएसआय, मग काही महिन्यांनी डिझेलवरची टीडीआय. दोघींची कमाल शक्ती तंतोतंत सारखी, 105 पीएस. मागचा बिल्ला वाचला नाही तर लांबून ओळखू येणार नाहीत इतक्या सारख्या. तरी दोन्ही चालवलेल्या माणसाला विचारा, त्या सारख्या धावतात असे तो कधीही म्हणणार नाही. पोलोचे भारतातले उत्पादन 2022 मध्ये थांबले आणि आता या दोन्ही फक्त जुन्या बाजारात मिळतात. कमी पैशांत अंगात दम असलेली गाडी शोधणारा माणूस इथे हमखास अडतो: पेट्रोल घ्यावी की डिझेल?

बहुतेकांचे उत्तर ऍव्हरेजपासून सुरू होते आणि तिथेच संपते. साध्या घरगुती गाडीसाठी ते चालून जाते. पण पिकअपसाठी घेतलेल्या गाडीत इंधन बदलले की गाडीचा स्वभाव बदलतो, दुरुस्तीचा खर्च बदलतो आणि कोणत्या रस्त्यावर ती खूश राहील हेही बदलते. त्यामुळे आधी स्वभाव समजून घेऊ आणि मग पैशांकडे वळू.

टीएसआयचे 1.2 लिटरचे इंजिन 175 न्यूटन-मीटर टॉर्क देते, आणि तो साधारण 1,500 पासून 4,100 फेऱ्यांपर्यंत टिकतो. टीडीआयचे 1.6 लिटरचे इंजिन 250 न्यूटन-मीटर देते, पण 1,500 ते 2,500 फेऱ्यांच्या अरुंद पट्ट्यात. टॉर्क आणि मिनिटाला होणारे फेरे यांचा गुणाकार करून 7,023 ने भागले की त्या क्षणाची शक्ती पीएसमध्ये मिळते. 2,000 फेऱ्यांवर हे गणित करून पाहा. डिझेलचे उत्तर येते 71 पीएस, पेट्रोलचे 50. म्हणजे खंबाटकीच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये, समोरच्या ट्रकमागून बाहेर पडण्यासाठी तुम्ही नुसता पाय दाबला, तर डिझेलवाल्याकडे त्या घडीला चाळीस टक्क्यांहून जास्त शक्ती हजर आहे. त्याला गिअर कमी करावा लागत नाही, इंजिन ओरडत नाही, गाडी मुकाट पुढे सरकते. ‘डिझेल ओढते’ असे आपण म्हणतो ते हेच.

आता पेट्रोलचा काटा 4,000 वर न्या. 175 न्यूटन-मीटर अजून शाबूत असतो आणि शक्ती 100 पीएसवर पोचते. पुढे 5,000 ला पूर्ण 105. डिझेलची कमाल शक्ती 4,400 लाच येऊन जाते आणि त्यानंतर इंजिन जड होते, वरचा गिअर मागू लागते. पेट्रोलमध्ये एकाच गिअरमध्ये लांबवर खेचत जाण्याची मजा आहे. वळणातून बाहेर पडताना, गिअर न बदलता, फेरे चढत चढत जाण्याचे जे सुख आहे ते डिझेल देऊ शकत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. टॉर्कचा आकडा मोठा म्हणजे गाडी जास्त वेगवान, असे विकणारे सर्रास सांगतात. चाकांपर्यंत पोचणारा जोर मात्र गिअरमधून जातो. डिझेलचे फेरे कमी म्हणून तिचे गिअर लांब ठेवावे लागतात, आणि इंजिनातला बराचसा जादा टॉर्क तिथेच फिटून जातो. दोन्ही गाड्या आपापल्या उत्तम फेऱ्यांवर ठेवून पळवल्या तर 105 पीएस हे 105 पीएसच असतात. फरक उरतो तो शक्ती कुठे आणि किती सहज मिळते याचा. रोजच्या वाहतुकीत आपण इंजिन कमाल फेऱ्यांवर ठेवत नाही, म्हणून डिझेल वेगवान भासते, आणि तेवढ्यापुरती ती खरोखर वेगवान असतेही.

हा फरक येतो कुठून? डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवाच इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेने इंधन पेटते. म्हणून दाबाचे प्रमाण सोळास एकच्या आसपास असते, टर्बो पेट्रोलमध्ये ते दहास एकच्या घरात. एवढा दाब सोसायचा तर ब्लॉक, पिस्टन, क्रँक सगळे भक्कम हवे. ते जड होते आणि जड भाग फार वेगाने फिरवता येत नाहीत. शिवाय डिझेल जळायला वेळ लागतो, त्यामुळे फेऱ्यांची कमाल साडेचार-पाच हजारांवर अडते. त्याबदली जास्त दाबामुळे उष्णतेचा उपयोग चांगला होतो आणि एका लिटर डिझेलमध्ये मुळात पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असते. ऍव्हरेजचे गुपित या दोन गोष्टींत आहे. जड इंजिनाची किंमत गाडीच्या नाकावर मोजावी लागते: पुढच्या चाकांवर वजन वाढते आणि वळणात गाडी किंचित उशिरा वळल्यासारखी वाटते. महाबळेश्वरचा किंवा आंबोलीचा घाट आवडीने चालवणाऱ्याला हे पहिल्या दोन वळणांत कळते.

डिझेल म्हणजे संथ आणि धुरकट, हे मत एके काळी बरोबर होते. ते पुसून टाकले ते शर्यतींनी. जून 2006 मध्ये फ्रान्समधल्या ल माँ इथली 24 तासांची शर्यत ऑडीच्या आर10 टीडीआयने जिंकली. साडेपाच लिटरचे, बारा सिलिंडरांचे डिझेल इंजिन, 1,100 न्यूटन-मीटरहून जास्त टॉर्क. ही शर्यत डिझेलने जिंकण्याची ती पहिलीच वेळ, आणि पुढे 2014 पर्यंत दरवर्षी तिथे डिझेलच जिंकले. मधल्या 2009 च्या शर्यतीत तर ऑडीला हरवणारी प्यूजोही डिझेलच होती. त्याच वर्षांत आपल्याकडे बीएमडब्ल्यूच्या 320डी आणि 530डी रस्त्यावर दिसू लागल्या. 530डीची पुढची पिढी 265 पीएस आणि 620 न्यूटन-मीटर देत होती. तिच्या शेजारी उभी असलेली पेट्रोल 530आय 252 पीएस आणि 350 न्यूटन-मीटरची. या जोडीत डिझेल घेणाऱ्याने मन मारून घेतली असे कोणी म्हणणार नाही.

त्या काळात सरकारी धोरणही डिझेलच्या बाजूने होते. पेट्रोलचे भाव जून 2010 मध्ये बाजारावर सोडले, डिझेलचे मात्र ऑक्टोबर 2014 पर्यंत धरून ठेवले. मे 2012 च्या दरवाढीनंतर दिल्लीत पेट्रोल 73 रुपयांवर गेले आणि डिझेल 41 रुपयांवर होते. लिटरमागे बत्तीस रुपयांचा फरक! नव्या खासगी गाड्यांत डिझेलचा वाटा निम्म्याच्या पुढे गेला यात नवल नाही. मग 2014 मध्ये अनुदान गेले, सप्टेंबर 2015 मध्ये फोक्सवॅगनने प्रदूषण चाचणीत फसवणूक केल्याचे अमेरिकेत उघड झाले, आणि एप्रिल 2020 मध्ये प्रदूषणाचे बीएस-6 नियम लागू झाल्यावर फोक्सवॅगन-स्कोडाने भारतात डिझेल बंदच केले. म्हणून आज जुन्या बाजारात 2012 ते 2019 च्या दमदार डिझेल गाड्यांची गर्दी आहे. त्या घेतल्या गेल्या तेव्हाचे गणित आज शिल्लक नाही, हे ध्यानात ठेवून त्यांच्याकडे पाहावे.

आजचे गणित स्कोडा ऑक्टेव्हियावर मांडू. 2013 नंतरच्या या पिढीत, छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात जोडणी झालेल्या गाड्यांत, 1.8 टीएसआय पेट्रोल 180 पीएसची आणि 2.0 टीडीआय डिझेल 143 पीएसची मिळते. धरून चालू की मनसोक्त चालवल्यावर पेट्रोल लिटरला 10 किलोमीटर देते आणि डिझेल 14. पेट्रोल 104 आणि डिझेल 92 रुपये धरले (मार्च 2024 च्या कपातीनंतर मुंबईतले भाव या घरात होते), तर पेट्रोलला किलोमीटरमागे 10 रुपये 40 पैसे लागतात, डिझेलला साधारण 6 रुपये 57 पैसे. वर्षाला 8,000 किलोमीटर रनिंग असेल तर बचत होते तीस हजारांच्या थोडी वर. 25,000 असेल तर पंच्याण्णव हजारांच्या पुढे.

तीस हजार वर्षाला ही रक्कम लहान नाही. पण दहा वर्षांच्या डिझेलमध्ये नोझल, टर्बो किंवा ड्युअल-मास फ्लायव्हील यांपैकी एक काम निघाले तरी दोन-तीन वर्षांची बचत एका बिलात जाते. पंचवीस हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे तसे होत नाही. त्याला तेच काम परवडते. रनिंग वर्षाला बारा हजारांच्या आत असेल तर निव्वळ पैशासाठी जुनी डिझेल घेण्यात अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तिचा ओढण्याचा स्वभाव आवडतो म्हणून घ्यायची असेल तर खुशाल घ्यावी, पण बचतीचे कारण स्वतःला सांगू नये.

डिझेलमध्ये सगळ्यात जास्त समजून घेण्यासारखी वस्तू म्हणजे डीपीएफ, धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. बीएस-6 डिझेलमध्ये तो असतोच. बीएस-4 काळात आपल्याकडे विकलेल्या बऱ्याच डिझेलमध्ये नव्हता, काही महागड्या जर्मन गाड्यांत होता. समोरच्या गाडीत आहे की नाही ते चासी नंबर देऊन सर्व्हिस सेंटरला विचारता येते. हा फिल्टर भरत आला की इंजिन स्वतःहून जास्तीचे डिझेल सोडून एक्झॉस्ट तापवते आणि साचलेली काजळी 600 अंशांच्या आसपास जाळून टाकते. त्यासाठी पंधरा-वीस मिनिटे सलग, बऱ्या वेगाने गाडी चालावी लागते. द्रुतगती मार्गावर हे आपोआप होते आणि चालकाला पत्ताही लागत नाही.

ठाण्यातून मुलुंडला जाऊन परत येणाऱ्या गाडीत हे काम दरवेळी अर्ध्यात तुटते. इंजिन बंद होते, फिल्टर तसाच राहतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात. जाळण्यासाठी सोडलेले पण न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरते. म्हणून अशी गाडी पाहताना ऑइलची पट्टी जरूर काढावी. पुसून पुन्हा घालून काढल्यावर ऑइल वरच्या खुणेच्याही वर दिसले आणि बोटावर घेतल्यावर ते पातळ लागून डिझेलचा वास आला, तर मालकाने काहीही सांगितले तरी ती गाडी शहरात अडकलेली होती असे समजावे. पातळ झालेले ऑइल टर्बोच्या बेअरिंगला आणि क्रँकला पुरेसे जपत नाही. मीटर कमी असले म्हणजे गाडी चांगली, हा आपला नेहमीचा ठोकताळा इथे उलटा पडतो. पाच वर्षांत 25,000 किलोमीटर झालेल्या बीएस-6 डिझेलपेक्षा पुणे-नागपूर करत 90,000 झालेली, वेळेवर सर्व्हिस झालेली गाडी मी आधी पाहीन.

काही जण हा त्रास नको म्हणून फिल्टर आतून पोकळ करून घेतात आणि सॉफ्टवेअरमध्ये त्याची नोंद बंद करतात. असली गाडी ट्रायलला छान पळते. पण ती बेकायदा आहे, धूर ओकते आणि पुढे कायद्याने फिल्टर बसवायची वेळ आली तर खर्च लाखाच्या पुढे जातो. एक्झॉस्टच्या नळीत आतून बोट फिरवावे. फिल्टर शाबूत असलेल्या गाडीची नळी बऱ्यापैकी स्वच्छ निघते; बोट काळे झाले तर प्रश्न विचारावेत.

बाकीच्या कुरबुरी थोडक्यात. आधुनिक डिझेलचे नोझल 1,800 ते 2,000 बारच्या दाबावर इंधन फवारतात, त्यामुळे भेसळीचे डिझेल त्यांना अजिबात सोसत नाही. धुराचा काही भाग परत आत घेणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने चोंदतो. बीएमडब्ल्यूच्या 2.0 लिटर एन47 डिझेलची, म्हणजे 2015 च्या आधीच्या 320डीची, टायमिंग चेन झिजण्याची तक्रार जगभर माहीत आहे, आणि ती चेन गिअरबॉक्सच्या बाजूला असल्यामुळे हात घालायला इंजिन उतरवण्याची वेळ येते. पोलो जीटी टीडीआयचे सुरुवातीचे 1.6 लिटर इंजिन प्रदूषण प्रकरणातल्या ईए189 कुटुंबातले आहे. कंपनीने डिसेंबर 2015 मध्ये भारतातल्या सुमारे 3,23,700 गाड्यांसाठी सॉफ्टवेअर बदलण्याची मोहीम जाहीर केली होती. आपल्या गाडीत तो बदल झाला का, हे सर्व्हिसच्या नोंदीत पाहावे.

एवढे वाचून पेट्रोलकडे वळणाऱ्याने तिथेही डोळे उघडे ठेवायला हवेत. साध्या पेट्रोल इंजिनाला खर्च कमी ही म्हण जुन्या मारुतीच्या काळातली. आजचे वेगवान पेट्रोल म्हणजे टर्बो, थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणारे नोझल आणि बहुतेक वेळा दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स.

या गिअरबॉक्सची गोष्ट मला फार बोलकी वाटते. स्कोडा-फोक्सवॅगनचा सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी, ज्याला डीक्यू200 म्हणतात, त्याला 250 न्यूटन-मीटरपर्यंतच टॉर्क झेपतो. पोलो जीटी टीएसआयमध्ये हाच होता, ऑक्टेव्हिया 1.8 टीएसआयमध्येही हाच. म्हणून 180 पीएसचे ते इंजिन नेमक्या 250 न्यूटन-मीटरवर बांधून ठेवले होते. तेच इंजिन 2016 च्या सुपर्बमध्ये मॅन्युअल गिअरबरोबर 320 देत होते आणि ऑटोमॅटिकबरोबर पुन्हा 250! गिअरबॉक्सला जपण्यासाठी कंपनीने स्वतः इंजिनाचा हात आखडता घेतला. आणि नंतर एखादा हौशी मालक ‘स्टेज 1 रिमॅप’, म्हणजे इंजिनाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल, करून तो आकडा तीनशेच्या वर नेतो, वर्षभर मजा करतो आणि गाडी विकायला काढतो. गिअरबॉक्स कुरकुरायला लागतो तेव्हा आरसी बुकावर तुमचे नाव असते. ऑक्टेव्हियाच्या 2.0 टीडीआयला सहा गिअरचा, तेलात बुडालेल्या क्लचचा डीएसजी आहे आणि तो बराच दणकट आहे. दर 60,000 किलोमीटरला त्याचे ऑइल बदलले पाहिजे एवढेच. या एका बाबतीत डिझेल घेणारा नशीबवान.

कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स तपासायला वेग लागत नाही, उलट संथपणा लागतो. गाडी चांगली तापल्यावर गर्दीत रांगत न्यावी, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर जाणवते का पाहावे. मग एखाद्या पार्किंगच्या चढावर रिव्हर्समध्ये हळू चढवावी. क्लच झिजला असेल तर इथे गाडी हिसके देते. यातला मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअर टाकणारा इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक भाग, गेला तर तो बदलण्याचा खर्चही लाखाच्या पुढचा आहे. सवलतीत मिळालेल्या गाडीचे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला होते ते अशाच कामांनी.

थेट फवारणीच्या पेट्रोल इंजिनात आणखी एक गोष्ट घडते. जुन्या पद्धतीत पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागे फवारले जाई आणि जाता जाता व्हॉल्व्ह धुऊन निघत. आता पेट्रोल आतच पडते, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर ऑइलच्या वाफेची काजळी चिकटत राहते. पन्नास-सत्तर हजारांनंतर सकाळी थंड इंजिन थरथरू लागते, पिकअप मंदावतो. उपाय आहे: इनटेक काढून अक्रोडाच्या कवचाच्या बारीक चुऱ्याचा मारा करून व्हॉल्व्ह साफ करतात. हे काम करणारी गॅरेजे पुण्या-मुंबईत आहेत, लहान शहरात शोधावी लागतील. साधारण 2012 पर्यंतच्या 1.8 टीएसआयमध्ये, म्हणजे लॉरा आणि जुन्या सुपर्बमध्ये, टायमिंग चेनचा टेन्शनर आणि ऑइल पिण्याची सवय ही दोन दुखणी प्रसिद्ध आहेत. हजार किलोमीटरला किती ऑइल भरावे लागते, हा प्रश्न मालकाला सहज गप्पांच्या ओघात विचारावा. उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो याकडे लक्ष द्यावे.

आणि आता इथेनॉल. आपल्याच उसापासून आणि धान्यापासून बनलेले इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळण्याचे प्रमाण 2025 पर्यंत वीस टक्क्यांवर पोचले. एप्रिल 2023 च्या आधीच्या बहुतेक गाड्या या मिश्रणासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने कमी असते. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालाने अशा जुन्या चारचाकींत सहा-सात टक्के ऍव्हरेज घटण्याचा अंदाज दिला होता. मघाचे ऑक्टेव्हियाचे गणित त्यामुळे डिझेलकडे थोडे आणखी झुकते. जुन्या रबरी नळ्या, सील आणि इंधनपंप यांची तपासणी पेट्रोल घेणाऱ्याने पहिल्याच सर्व्हिसला करून घ्यावी. त्याच वेळी इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो, आणि टर्बो पेट्रोलला ऑक्टेन हवाच असतो. कमी ऑक्टेनच्या इंधनावर मिश्रण वेळेआधी पेटून ठोके पडतात, मग संगणक ठिणगी उशिरा टाकतो आणि विकत घेतलेली शक्ती रस्त्यावर येतच नाही. इंडियन ऑइलने डिसेंबर 2020 मध्ये मुंबई-पुण्यासह दहा शहरांत 100 ऑक्टेनचे पेट्रोल आणले. ते फार महाग आहे आणि रोज लागत नाही, पण 230 पीएसच्या ऑक्टेव्हिया आरएससारख्या गाडीत फरक पायाला कळतो.

कायद्याची बाजू डिझेलवाल्याने नीट समजून घ्यावी. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरचे डिझेल आणि पंधरा वर्षांवरचे पेट्रोल चालवण्यावरची हरित लवादाची बंदी सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये कायम केली. ऑगस्ट 2025 मध्ये केवळ वयावरून सक्तीची कारवाई नको असा अंतरिम आदेश आला आणि डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-4 आणि त्यापुढच्या गाड्यांपुरते उरले. या अनिश्चिततेमुळे दिल्लीकडच्या सात-आठ वर्षांच्या मोठ्या डिझेल गाड्या आपल्याकडे मोहात पाडणाऱ्या किमतीला येतात. त्या घ्याव्यात का? घ्याव्यात, पण एनओसी, इथली नवी नोंदणी आणि इथला रस्ता कर हे सगळे किमतीत धरून. महाराष्ट्रात हा कर मुळातच डिझेलवर दोन टक्के जास्त आहे: नव्या गाडीच्या किमतीनुसार पेट्रोलवर 11 ते 13 टक्के, डिझेलवर 13 ते 15. बाहेरून आलेल्या गाडीला वय धरून तो कमी होतो, माफ होत नाही. मुंबई महानगर प्रदेशातून पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने काढता येतील का, हे तपासायला राज्य सरकारने जानेवारी 2025 मध्ये समिती नेमली. नियम कोणताही येवो, पहिला घाव डिझेलवर पडण्याची शक्यता जास्त, आणि पाच वर्षांनी गाडी विकताना तो किमतीत दिसेल.

इंधन कोणतेही असो, गाडी सकाळी, पूर्ण थंड असताना पाहायला जावे. आदल्या दिवशी फोनवर तसे सांगावे आणि पोचल्यावर बॉनेटला हात लावावा. गरम लागले तर मालकाने आधीच चालू करून ठेवली आहे. डिझेलचा पहिला काळा भपका लगेच विरायला हवा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतेय. पांढरा धूर गोडसर वासाचा असेल आणि थांबतच नसेल तर कूलंट आत जातेय, तिथे पुढे पाहण्याची गरज नाही. नंतर आपल्या विश्वासातल्या फिटरला स्कॅनर लावायला सांगावा. त्यात डीपीएफमध्ये किती काजळी आहे, शेवटची सफाई कधी झाली, प्रत्येक नोझलची दुरुस्ती किती, पेट्रोलमध्ये कोणत्या सिलिंडरला मिसफायर आले, सगळे दिसते. गिअरबॉक्सच्या युनिटमध्ये नोंदलेले किलोमीटर आणि मीटरवरचे किलोमीटर जुळत नसतील तर मीटर मागे फिरवले आहे.

निवड कोणाची काय असावी? नाशिकहून दर आठवड्याला मुंबई किंवा सोलापूरहून पुणे करणाऱ्याने, विशेषतः चौघे आणि सामान घेऊन, बीएस-4 ची चांगली राखलेली डिझेल बिनधास्त घ्यावी. कसाऱ्याच्या चढावर भरलेली 2.0 टीडीआय ज्या निवांतपणे ट्रक मागे टाकते त्याला तोड नाही. शहरात रोज आठ-दहा किलोमीटर आणि महिन्यातून एखादा घाट, असे ज्याचे चालवणे आहे त्याच्यासाठी पेट्रोलच, शक्यतो मॅन्युअल. फियाटची रांजणगावला बनलेली 145 पीएसची अबार्थ पुंटो किंवा लिनिया टी-जेट मिळाली तर पार्ट कुठून आणायचे ते आधी ठरवून घ्यावी, कारण कंपनीने त्या गाड्या बंद करून बरीच वर्षे झाली. बीएस-6 डिझेल शहरात वापरायला घेणे हा मात्र मला सगळ्यात महागडा पर्याय वाटतो, मग सौद्यात कितीही सूट मिळो.

शेवटी ठरलेल्या रकमेतून दहा-पंधरा टक्के बाजूला काढून उरलेल्यातच गाडी शोधावी. पहिल्या महिन्यात इंजिन ऑइल, गिअरबॉक्स ऑइल, ब्रेक फ्लुइड, कूलंट आणि सगळे फिल्टर बदलून टाकावेत, नोंद काहीही म्हणो. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचावेत: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक दिसली तरी इतके जुने टायर घेऊन पावसात द्रुतगती मार्गावर जाऊ नये. या पैशाची तरतूद नसेल तर एक पिढी जुनी किंवा एक पायरी खालची गाडी पाहावी, आणि ती पुरेशी वेगवान निघते.